आईसाठी बोलणारा स्पीकर घ्यायचा आहे, पण बाबांचं वकिलीचं ऑफिस घरातच आहे. काय करावं?

त्रिमूर्तीनगर_ताई

नमस्कार मंडळी. जरा लांब लिहून राहिले, पण पूर्ण सांगितल्याशिवाय कोणाला नीट उत्तर देता येणार नाही.

आईला काचबिंदू आहे. समोरचं दिसतं, बाजूचं दिसत नाही, अन् मोबाईलवरचं बारीक तर काहीच नाही. दिवसातून तीनदा डोळ्यात औषध टाकावं लागतं, वेळ पाहायला घड्याळ पार डोळ्यापाशी नेते. मी नोकरीला हिंगण्याला, सकाळी आठला निघते ते संध्याकाळीच परत. भाऊ पुण्याला असतो, तो म्हणतो स्क्रीनवाला अलेक्सा लावून टाकू, मीच ऑर्डर करतो, मीच सेट करून देतो, आईनं फक्त बोलायचं. मलाही पटलं कारण शेजारच्या काकूंकडे आईनं एकदा तो वापरला आहे, हिंदीत भजन लाव म्हणाली अन् लगेच लागलं, तेव्हापासून तिच्या मनात भरलाय.

अडचण बाबांची आहे. बाबा हायकोर्टाच्या नागपूर बेंचला प्रॅक्टिस करतात आणि समोरच्या खोलीतच त्यांचं ऑफिस. संध्याकाळी पार्ट्या येतात, फारकतीच्या, वाटणीच्या, चेक बाउन्सच्या, लोक रडतातही. ऑफिस आणि हॉलच्या मधे एकच दार, आणि उन्हाळ्यात कूलरची हवा दोन्हीकडे जावी म्हणून ते उघडंच असतं. बाबांनी एका वाक्यात सांगून टाकलं की माझ्या पार्टीचं बोलणं ऐकणारी वस्तू या घरात नको. भाऊ म्हणतो मग खिशातल्या मोबाईलचं काय. मला दोघांचंही पटतं, म्हणून तर अडकली आहे. शिवाय स्वयंपाकाच्या मावशी दोन तास घरात असतात, त्यांनाही विचारायला पाहिजे असं मला वाटतं पण घरात बाकी कोणाला ते महत्त्वाचं वाटत नाही.

ज्यांच्या घरी आहे त्यांनी सांगा, हे खरंच सतत ऐकतं का, आणि बाबांचं समाधान होईल असं काही करता येतं का. "काही होत नाही, घेऊन टाका" असं उत्तर नको.

ऑटोमेशनवाला_सदर

ताई, मी हेच काम करतो, लाइट-पंखे-गीझर व्हॉइसवर करून देतो, तर जेवढं माहीत आहे तेवढं सांगतो.

सतत ऐकतं, हौ. पण सतत पाठवत नाही. आतमधे एक छोटी चिप असते ती फक्त हाक ओळखते, शेवटचे काही सेकंद धरून ठेवते आणि त्याच्यावरच पुढचे लिहीत जाते. "अलेक्सा" ऐकलं की निळा लाइट लागतो आणि तिथून पुढचं बोलणं इंटरनेटवरून कंपनीच्या, म्हणजे ॲमेझॉनच्या, सर्व्हरवर जातं. म्हणून नेट गेलं की तो बहुतेक कामाचा राहात नाही. घोळ होतो तो चुकून जागा झाला तर. टीव्हीवर कोणी त्याच्यासारखा शब्द बोललं की निळा लाइट लागून जातो. त्याच्यासाठी हाकेचा शब्द बदलता येतो, ॲपमधे "इको" किंवा "कॉम्प्युटर" करून घ्या, पण आईच्या तोंडात जो बसेल तोच ठेवा नाहीतर ती वापरणारच नाही.

वरती माइक बंद करायचं बटन असतं, दाबलं की लाल लाइट. तेव्हा माइकचा करंटच तुटतो, असं कंपनी सांगते. ॲपमधे अलेक्सा प्रायव्हसी म्हणून भाग आहे, तिथं जुनी रेकॉर्डिंगं ऐकता येतात, पुसता येतात, आणि "रेकॉर्डिंग ठेवूच नका" असंही निवडता येतं. किंवा तीन महिन्यांनी, अठरा महिन्यांनी आपोआप पुसायला लावता येतं. माझ्या शंभरातल्या नव्वद गिऱ्हाइकांनी हा भाग कधी उघडून पाहिला नसेल, मी लावून देताना दाखवतो तरी लोक म्हणतात राहू दे भाऊ, गाणं लावून दाखव.

धरमपेठ_जुना

वरच्या भाऊंनी मशीन बरोबर सांगितलं, पण "चुकून जागा झाला तर" एवढ्या चार शब्दांत जे उरकलं ना, तुमच्या बाबांचा सगळा मुद्दा तिथंच आहे.

२०१८ मधे अमेरिकेत पोर्टलंडला एक नवरा-बायको घरात लाकडी फरशीबद्दल बोलत होते, त्यांच्या इकोनं (अलेक्साच्या स्पीकरचं नाव) ते रेकॉर्ड करून नवऱ्याच्या हाताखालच्या एका माणसाला पाठवून दिलं. कंपनीनं नाकारलं नाही, उलट कसं झालं तेही सांगितलं: गप्पांतला एक शब्द हाकेसारखा वाटला, मग पुढचं "मेसेज पाठव" सारखं वाटलं, कोणाला म्हणून विचारलं तर गप्पांतलंच काहीतरी नाव म्हणून घेतलं, नक्की ना म्हणून विचारलं तर तेही हो समजलं. आता फारकतीची केस सांगणारी बाई त्या फरशीच्या जागी ठेवून पाहा.

पुढच्या वर्षी, २०१९ च्या एप्रिलमधे ब्लूमबर्ग या वृत्तसंस्थेनं छापलं की ॲमेझॉनची माणसं अलेक्साची रेकॉर्डिंगं ऐकून लिहून काढतात, मशीन सुधारावं म्हणून. त्याच वर्षी बेल्जियमच्या व्हीआरटी या सरकारी वाहिनीला गूगल असिस्टंटची हजाराच्या वर रेकॉर्डिंगं मिळाली, त्यातली १५३ अशी होती की कोणी हाक मारलीच नव्हती. ॲपलच्या सिरीचंही त्याच वर्षी गार्डियननं काढलं, त्यात डॉक्टर-पेशंटची बोलणी होती. त्यावरून झालेल्या केसमधे ॲपलनं २०२४ च्या अखेरीस ९.५ कोटी डॉलर द्यायचं कबूल केलं, चूक मात्र मान्य केली नाही. आणि "पुसता येतं" यावर फार भरवसा ठेवू नका, कारण २०२३ मधे अमेरिकेच्या सरकारनं ॲमेझॉनला अडीच कोटी डॉलरचा दंड लावला तो याचसाठी, की मुलांचे आवाज ठेवून घेतले आणि आईबापांनी पुसा म्हटल्यावरही सगळं पुसलं नाही.

हे सगळं झाल्यावर कंपन्यांनी सेटिंगं सुधारली हेही खरं, गूगल आता आपण सांगितल्याशिवाय आवाज साठवत नाही. पण दर वेळी बाहेरच्या कोणीतरी उघडं पाडलं तेव्हाच सुधारली. मी घरात ठेवला नाही आणि ठेवणार नाही.

महालची_सून

सगळे कंपनीबद्दल बोलून राहिले, मला घरातलं सांगायचं आहे, कारण ताईंच्या प्रश्नात एक वाक्य आहे ते कोणी धरलंच नाही. "भाऊ म्हणतो मीच ऑर्डर करतो, मीच सेट करून देतो."

आमच्याकडे दिरांनी असाच स्क्रीनवाला पाठवला होता, सासूबाईंसाठी, प्रेमानंच. त्यांच्याच अकाउंटवरून मागवला तर तो त्यांच्याच अकाउंटला जोडूनच येतो, आम्ही फक्त वायफाय टाकलं. आता ज्याचं अकाउंट त्याच्या ॲपमधे सगळं दिसतं, घरात कोणी काय विचारलं, किती वाजता विचारलं. सासूबाईंनी एकदा गुडघेदुखीचं काहीतरी विचारलं आणि संध्याकाळी दिरांचा फोन, आईला काय झालं, तुम्ही सांगितलं का नाही. त्यांना काळजी होती, मान्य. पण सासूबाई त्यानंतर त्याच्याशी बोलेनाशाच झाल्या. मला म्हणाल्या, "मी भिंतीशी बोलत होती, पोरगा ऐकत होता का?"

आणि ड्रॉप इन म्हणून जे आहे ते नक्की पाहा. त्याच्यात समोरच्यानं फोन उचलायची गरजच नसते, परवानगी एकदा दिलेली असली की तिकडून लावला की इकडे आवाज सुरू, स्क्रीनवाला असला तर थोडं धूसर दिसून मग चित्रही सुरू. एकाच अकाउंटवरच्या डिव्हाइसना ते चालूच असू शकतं. आमचा डबा स्वयंपाकघराच्या ओट्यावर होता, मी उन्हाळ्यात तिथं कशी वावरते ते माझं मला माहीत. मी नवऱ्याला स्पष्ट सांगितलं की एक तर हा इथून हलेल नाहीतर मी जेवण हॉलमधे करीन. मग कॅमेऱ्यावरची सरकवायची झडप कायमची लावली आणि ड्रॉप इन बंद केलं.

ताई, अजून एक विचारते, राग मानू नका. आईंना बारीक दिसत नाही म्हणता, मग स्क्रीन कोणासाठी?

त्रिमूर्तीनगर_ताई

महालच्या वहिनी, तुमचा शेवटचा प्रश्न वाचून मी खरंच थांबली. स्क्रीन भावासाठीच आहे. त्याला आई दिसायला पाहिजे, तो लांब आहे, त्याचं चुकतं असं नाही म्हणणार मी. पण आईला कोणी विचारलंच नव्हतं. आज विचारलं तर ती म्हणाली मला वेळ सांगणारा अन् औषधाची आठवण करणारा पाहिजे, मला पाहणारा नको.

मग प्रश्न दोनच उरतात. अकाउंट आईच्याच नावाचं करता येतं का, आणि बाबांच्या पार्ट्या असतात तेव्हा काय. ते लाल लाइटवालं बटन बाबांना दाखवलं, ते म्हणाले बटनाच्या आत काय आहे ते मी उघडून पाहिलं नाही.

कोर्टातली_ज्युनिअर

मी पण वकिलीतच आहे, नवीन आहे. तुमच्या बाबांना हे माहीत असणारच, पण भावाला सांगायला कामात येईल.

पार्टीनं वकिलाला विश्वासानं सांगितलेलं उघड करायचं नाही हा आमच्यासाठी नुसता शिष्टाचार नाही, कायदा आहे. आधी पुराव्याच्या कायद्यात कलम १२६ होतं, १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियम आला त्यात कलम १३२. स्पीकरनं चुकून ऐकलं म्हणजे वकिलानं कलम मोडलं असं मी म्हणत नाही, तसं म्हणणं फार ताणलेलं होईल. पण ज्यानं जपायचं आहे त्यानं तिसरा कान खोलीत ठेवूच नये हे बाबांचं म्हणणं जुनाट नाही, त्यांच्या कामाचाच भाग आहे.

दुसरं मावशींचं. प्रायव्हसी हा मूलभूत हक्क आहे हे सुप्रीम कोर्टाच्या नऊ जजांनी २४ ऑगस्ट २०१७ ला पुट्टस्वामी केसमधे सांगितलं. डेटाचा कायदा २०२३ मधे झाला, त्याचे नियम २०२५ च्या नोव्हेंबरमधे निघाले आणि कंपन्यांवरची मुख्य बंधनं टप्प्याटप्प्यानं लागू व्हायची आहेत. पण त्याच कायद्यात असं आहे की एखादा माणूस आपल्या घरगुती कामासाठी डेटा वापरत असेल तर त्याला तो लागत नाही. म्हणजे घरातल्या भावानं ॲपवर काय पाहिलं, मावशींचं बोलणं ऐकलं का, यात तो कायदा तुमच्या मदतीला येणार नाही. ते घरातल्यांनीच एकमेकांना विचारून ठरवायचं आहे, आणि तुम्ही मावशींना विचारायचं म्हणता ते मला तरी सगळ्यात महत्त्वाचं वाटलं. त्या नाही म्हणू शकतील अशा पद्धतीनं विचारा. पगार देणाऱ्यानं विचारलं की माणूस हो म्हणून टाकतो.

मानेवाडा_रिंगरोड

माझ्या वडिलांना दोन्ही डोळ्यांनी दिसत नाही, म्हणून दुसरी बाजू सांगतो, नाहीतर वाचून कोणी घेणारच नाही. ते रेडिओचे शौकीन, पहाटे उठून स्वतः बातम्या लावतात, कोणाला उठवत नाहीत. आधी वेळ विचारायलाही कोणाला तरी हाक मारावी लागायची आणि त्याचा त्यांना फार त्रास व्हायचा, बोलायचे नाहीत पण व्हायचा. आता दिवसभरात दहादा वेळ विचारतात, कोणी चिडत नाही. डोळे असलेल्यांना प्रायव्हसीचं जेवढं वाटतं तेवढंच माझ्या वडिलांना दुसऱ्यावर अवलंबून न राहण्याचं वाटतं, तेही मोजा.

एक आहे, अलेक्साला मराठी येत नाही, हिंदी २०१९ पासून येते, आणि आपल्या नागपूरच्या हिंदीवर तो कधीकधी अडतो. मराठीच पाहिजे असेल तर फोनमधलं गूगल असिस्टंट मराठी समजतं, नुसती वेळ आणि आठवण एवढंच असेल तर आधी त्याच्यावर करून पाहा, फुकट आहे.

लोकल_सर्व्हर

ज्यांना काहीच बाहेर जाऊ द्यायचं नाही त्यांच्यासाठी होम असिस्टंट नावाचं ओपन सोर्स (कोड सगळ्यांना खुला असलेलं) सॉफ्टवेअर आहे, घरातल्याच छोट्या कॉम्प्युटरवर चालतं, आवाज ओळखणंही घरातल्या घरात करता येतं, त्यांचा स्वतःचा माइकवाला डबाही २०२४ च्या डिसेंबरमधे आला. पण खरं सांगतो, मी आयटीतला असून मला ते बसवायला वेळ लागला आणि काही बिघडलं की मीच पाहतो. ताईंच्या आईंसाठी हे सुचवणार नाही, बिघडलं तर हिंगण्याहून कोण येणार.

ऑटोमेशनवाला_सदर

ताई, तुमच्या दोन प्रश्नांचं उत्तर. अकाउंट आईच्या नावानं होतं, नवीन ईमेल काढा, तो आईच्या फोनमधे टाका, पासवर्ड तुमच्याजवळ राहू द्या पण आईला माहीत असू द्या. भाऊ पैसे देत असेल तर ऑर्डर करताना गिफ्ट म्हणून टाकायला सांगा, नाहीतर त्याच्या अकाउंटला जोडून येईल. आलाच तर त्यानं त्याच्या ॲपमधून डीरजिस्टर करायचा, म्हणजे त्याच्या अकाउंटपासून तोडायचा, मग तुम्ही नव्यानं जोडा. कॉन्टॅक्ट लिस्ट द्यायची का म्हणून विचारेल तिथं नाही म्हणा, म्हणजे धरमपेठवाल्या काकांनी सांगितलं तसं कोणाला मेसेज जायचा प्रश्नच नाही. ड्रॉप इन बंद. स्क्रीनवाला नको, साधा गोल घ्या, पाच हजारांच्या आसपास येतो.

आता बाबांचं. बटनाच्या आत काय आहे ते सोडा. आपल्याकडे प्रत्येक सॉकेटला बोर्डावर स्विच असतो, साध्या गोल स्पीकरला बॅटरी नसते. स्विच बंद म्हणजे तो मेलाच, त्यात कोणावर भरवसा ठेवायचं काम नाही. स्पीकर हॉलमधे नको, आईच्या खोलीत ठेवा, मागच्या भिंतीला, आणि त्या सॉकेटचा स्विच जिथून बाबांना ऑफिसात जाता-येता दिसेल असा काढून घ्या. वायर ओढायला वायरमनला अर्धा दिवस पुरे. स्विचवर इंडिकेटर लावा, लाल दिवा दिसला म्हणजे चालू, नाही दिसला म्हणजे बंद. परत चालू केला की मिनिटभर लागतं त्याला उठायला. फक्त आईचं संध्याकाळचं औषध पार्ट्यांच्या वेळात येत नाही ना ते पाहून घ्या, येत असेल तर त्या एका वेळेसाठी साधा गजर ठेवा.

त्रिमूर्तीनगर_ताई

स्विचचं बाबांना सांगितलं, लगेच म्हणाले हे चालेल, स्विच मात्र ऑफिसच्या दाराला लागूनच पाहिजे. संध्याकाळचं औषध साडेनऊला असतं, तोवर पार्ट्या गेलेल्या असतात. मावशींना मी एकटीनं विचारलं, त्या म्हणाल्या आईच्या खोलीत असला तर मला काही नाही, ओट्यावर नको. भावाशी अजून बोलायचं आहे, स्क्रीनचं त्याला लागेल. त्याला रोज ठरलेल्या वेळी व्हिडिओ कॉल माझ्या फोनवरून लावून देईन असं म्हणणार आहे, आई तयार आहे.

ऑटोमेशनवाले दादा, आईच्या खोलीतलं सॉकेट पलंगामागं आहे आणि वायरिंग जुनी, भिंतीच्या आतली. पट्टी लावून बाहेरून वायर आणली तर चालेल का, की भिंत फोडावीच लागेल?

ऑटोमेशनवाला_सदर

भिंत नका फोडू. पट्टी चालते, स्पीकरला करंट फार कमी लागतो. फक्त कूलरच्या लाइनवरून काढू नका, वेगळा पॉइंट घ्या.