मदत हवी आहे : मागचा ट्यूबलेस टायर रिमवर बसेना

रोड बाइकच्या चाकांवर २८ मिमीचे ट्यूबलेस टायर चढवतोय. पुढचा फटाफट आवाज करत बसला, मागचा मात्र हट्टाला पेटलाय. फ्लोअर पंपाने कितीही हवा मारा, सगळी कडेने फुस्स! व्हॉल्व्हचा कोअर (आतली बारीक झडप) काढून पाहिला, कडांना साबणाचं पाणी लावलं. सीलंट (गळती बुजवणारा द्रव) अजून घातलेलं नाही.

रिमवर हवा अडवणाऱ्या टेपचा एकच वेढा आहे. आणखी एक दिला तर फट कमी होईल, की टायर चढवणंच मुश्कील होईल? आत ट्यूब घालून रात्रभर ठेवायची युक्ती खरंच चालते का?

रिम हुकलेस आहे, म्हणजे टायर धरून ठेवणारा आकडा तिच्या कडांना नाही (टायर त्याला चालणारेच घेतलेत), त्यामुळे हवेचा दाब ५ बारच्या वर नेता येत नाही. म्हणून कॉम्प्रेसर लावायला जरा धाकधूक वाटते. नुसत्या पंपावर कुणी जमवलंय का?