लपवण्यापेक्षा फाइल दाखवा

बंदुकीच्या परवान्याचा अर्ज भरताना ‘डिप्रेशनच्या गोळ्या चालू होत्या हे लिहूच नका, कोण तपासायला बसलंय’ असा सल्ला काही जण देतात, तो धोक्याचा आहे. शस्त्र अधिनियम १९५९ च्या कलम १४ मध्ये ‘अनसाउंड माइंड’ (मन ठिकाणावर नसणं) असेल तर परवाना नाकारायची तरतूद आहे, पण कधीकाळी नैराश्य येऊन गेलं म्हणजे ते आपोआप लागू झालं असं नाही. उलट माहिती दडवून घेतलेला परवाना कलम १७ खाली रद्द होऊ शकतो, त्याचं काय?

आमच्या काकांनी रानडुकरांपायी ठासणीच्या बंदुकीसाठी अर्ज केला होता. २०१६ च्या नियमांनुसार शारीरिक-मानसिक तंदुरुस्तीचा दाखला लागतोच. काकू तर काकांच्या नैराश्यावरच्या उपचारांच्या जुन्या चिठ्ठ्या बंबात घालायला निघाली होती! काकांनी मात्र सगळी फाइल डॉक्टरांपुढे ठेवली. झोप लागते का, गोळ्या कधी बंद केल्या, दारू किती, जिवाचं बरंवाईट करावंसं वाटलं होतं का, असं डॉक्टरांनी सरळ विचारलं. उपचार करणाऱ्या मानसोपचारतज्ज्ञांचं पत्र आणायला लावलं आणि मग दाखला दिला. खेटे तीन पडले, एवढंच. बंदूक आता घरात आहे, कपाटाची किल्ली काकूच्या कमरेला.