गाईडचा एच-इंडेक्स ४२ की १३? पीएचडीसाठी कुणाकडे जाऊ?

सूक्ष्मजीव_नाशिक
नमस्कार मंडळी. एमएस्सी मायक्रो झालंय, फेलोशिप मिळालीय, आता गाईड ठरवायचाय. दोन लॅबमधून होकार आहे. एका सरांचा गूगल स्कॉलरवर एच-इंडेक्स ४२, सायटेशन (म्हणजे इतरांनी आपल्या पेपरमध्ये त्यांच्या पेपरचा दिलेला संदर्भ) दहा हजारांच्या वर. दुसऱ्या मॅडमचा १३, पेपर तीसेक, पण जवळजवळ सगळे अँटिबायोटिक रेझिस्टन्सवरचे, म्हणजे औषधाला दाद न देणाऱ्या जंतूंवरचे, आणि मला तेच करायचंय. घरी, मित्रांत सगळे म्हणतात ४२ सोडून १३ कडे जाऊ नकोस. या आकड्यांना खरंच किती महत्त्व द्यायचं? महिनाअखेर कळवायचंय.

लॅबकर
एच-इंडेक्स ४२ म्हणजे त्यांचे ४२ पेपर असे आहेत की प्रत्येकाला निदान ४२ सायटेशन आहेत, बस. २००५ मध्ये हर्श नावाच्या फिजिक्सवाल्याने काढलेलं माप आहे आणि ते कधी खाली येत नाही, म्हणजे नोकरीची वर्षं वाढली की वाढतच जातं. सर रिटायरमेंटच्या जवळ आणि मॅडम तरुण असतील तर ही तुलनाच चुकीची.
पेपरांची यादी उघडा आणि नावांचा क्रम बघा. आपल्या फील्डमध्ये पहिलं नाव ज्याने हाताने काम केलं त्याचं, शेवटचं ज्याची लॅब त्याचं. सर बहुतेक पेपरमध्ये मधे कुठेतरी असतील, तीसचाळीस नावांच्या गर्दीत, तर तो आकडा मोठ्या प्रोजेक्टचा आहे, त्यांच्या लॅबचा नाही. आणि रिव्ह्यू पेपर, म्हणजे इतरांच्या कामाचा आढावा घेणारे, वेगळे काढा, त्यांना सायटेशन कायम जास्त मिळतात.
अजून एक, गूगल स्कॉलर प्रोफाइल आपोआप भरतं. एस. पाटील, ए. जोशी अशी नावं असली की कुणाचाही पेपर कुणाच्याही खात्यात जाऊन बसतो, हाडांच्या ऑपरेशनवरचा पेपर मायक्रोवाल्याच्या नावावर मी स्वतः बघितलाय. स्कोपस (पेपर-सायटेशनचा डेटाबेस) किंवा ऑर्किडवर (संशोधकाचा स्वतःचा ओळख क्रमांक) पडताळून घ्या, स्कोपसचा आकडा सहसा कमीच येतो.

कॉलरा_वाचक
सायटेशनवरून कामाची किंमत कळत नाही याचं उदाहरण म्हणून शंभुनाथ डे यांचं नाव प्रत्येक मायक्रोवाल्याला माहीत असायला हवं असं मला मनापासून वाटतं. कलकत्त्यात सशाच्या आतड्याचा तुकडा दोरा बांधून बंद करायचा, त्यात जंतू सोडायचे आणि पाणी साचतं का बघायचं, हे मॉडेल त्यांनी १९५३ मध्ये मांडलं. मग १९५९ मध्ये नेचरमध्ये छोटासा पेपर, की जंतू गाळून काढलेल्या नुसत्या द्रवानेही आतड्यात पाणी साचतं, म्हणजे कॉलऱ्याचं विष जंतू बाहेर सोडतो. कॉख यांनी विषाचा अंदाज १८८४ मध्येच मांडला होता पण दाखवलं डे यांनी. सुरुवातीची वर्षं त्या पेपरकडे फारसं कुणी बघितलं नाही, आपल्या देशातल्या अकादम्यांनीही त्यांना फेलो केलं नाही. १९८५ मध्ये ते गेले आणि १९८६ मध्ये त्यांच्या कामाचं महत्त्व सविस्तर लिहिलं ते यूजीन गारफील्ड यांनी, म्हणजे कुणी कुणाला साइट केलं याची नोंद ठेवणारा सायटेशन इंडेक्सच ज्यांनी सुरू केला त्या माणसाने!
उलट टोकाला लाउरी यांचा १९५१ चा प्रोटीन मोजायचा पेपर, तीन लाखांच्या वर सायटेशन. पद्धत रोज लागते म्हणून. खुद्द लाउरीही त्याला फार थोर पेपर मानत नव्हते.

रक्तपेढीवाली
बॉम्बे ब्लड ग्रुप (तपासणीत ओ वाटणारा, पण ओ रक्तही न चालणारा दुर्मिळ गट) विसरू नका. १९५२, लॅन्सेट, पहिलं नाव भेंडे, काम आपल्या मुंबईतलं. आजही ओ म्हणून आलेली पिशवी लागू होत नाही तेव्हा आम्ही अँटी-एच (हा गट ओळखायचं रसायन) लावून बघतो आणि पेशंटचा जीव वाचतो, पण त्यासाठी कुणी तो पेपर साइट करत नाही. पाठ्यपुस्तकात गेलं की मूळ पेपरचं नाव मागे पडतं.

डॉ_सातारकर
वरचं सगळं मान्य, पण मुलीला वाऱ्यावर सोडू नका. पोस्टडॉकच्या (पीएचडीनंतरच्या संशोधनाच्या) अर्जात, सिलेक्शन कमिटीत अजूनही आकडा विचारतात. २०१२ चा सॅन फ्रान्सिस्कोचा जाहीरनामा सांगतो की जर्नलच्या इम्पॅक्ट फॅक्टरवरून (त्यातल्या पेपरांना सरासरी किती सायटेशन मिळतात त्या आकड्यावरून) माणूस जोखू नका, सह्या बऱ्याच संस्थांनी केल्यात, अंमल सगळीकडे नाही. गाईडचा आकडा तुझ्या बायोडेटात येणार नाहीये, तुझे फर्स्ट ऑथर पेपर येणार आहेत. ते कुठे मिळतील ते बघ.

सूक्ष्मजीव_नाशिक
सगळ्यांचे खूप आभार. काल रात्री बसून दोन्ही याद्या बघितल्या. सरांच्या गेल्या पाच वर्षांच्या पेपरांत पहिलं नाव बहुतेक बाहेरच्या लॅबचं आहे, सर मधे. मॅडमच्या बहुतेक पेपरांत पहिलं नाव त्यांच्या विद्यार्थ्यांचं, शेवटचं मॅडमचं, आणि ज्यांनी साइट केलंय त्यांतले दोनतीन उघडून वाचले तर त्यांनी मॅडमची पद्धत वापरून आपल्याकडच्या हॉस्पिटलमधले क्लेब्सिएला जंतू तपासलेत. मला हे फार आवडलं. पण मॅडमकडे फंड किती वर्षांचा आहे ते कसं कळणार?

लॅबकर
सरळ विचारा, चालू प्रोजेक्ट कुठला, संपतो कधी. कुठलाही चांगला गाईड यावर रागावत नाही. आणि पेपरच्या शेवटी आभारात ग्रँटचं नाव असतं, ते बघून ठेवा. शिवाय त्यांच्याकडून पास झालेल्या दोघांतिघांना फोन करा, थिसिस जमा व्हायला किती वर्षं लागली एवढंच विचारा.