दूरदर्शन-आकाशवाणीसाठी लायसन फी परत आणावी का?

वरळीकर
आमच्याकडे रेडिओचं लायसन होतं. वडील दरवर्षी पोस्टात पैसे भरून पुस्तकावर शिक्का मारून आणायचे. ऐंशीच्या दशकात ती फी गेली, सगळे खूश. पण मग जाहिराती सोडल्या तर पोसणारं एकच उरलं, दिल्लीचं सरकार. दूरदर्शन-आकाशवाणी चालवणारी संस्था म्हणजे प्रसार भारती. तिचा कायदा १९९० चा, लागू व्हायला १९९७ उजाडलं, आणि पगार आजही केंद्राच्या अनुदानातून. एप्रिल २०२४ मध्ये ऐन निवडणुकीत डीडी न्यूजचा लोगो भगवा झाला, तेव्हा विचारणार कोण? माझं मत: घरटी महिना दहा रुपये वीजबिलातून घ्या आणि अनुदान बंद करा.

खवचट खंडू
वीजबिलात आधीच स्थिर आकार, वहन आकार आहेत, त्यात आता बातमी आकार! आणि आणीबाणीत ‘ऑल इंदिरा रेडिओ’ म्हणायचे लोक, तेव्हा तुमच्या वडिलांची फी चालूच होती ना? ज्याच्या हाती ससा तो पारधी. माझ्या पैशाने कुणाचाच प्रचार नको. विकून टाका.

वरळीकर
तेव्हा आकाशवाणी सरकारी खातं होतं, फी सरकारच्याच हातात. मी थेट प्रसार भारतीला द्या म्हणतोय. आणि विकून काय मिळणार? रात्री नऊला खासगी वाहिन्यांवर जो आरडाओरडा चालतो तोच ना?

लीड्सची सून
इथे ब्रिटनमध्ये बीबीसीसाठी थेट फी आहे. एप्रिल २०२५ मध्ये ती वर्षाला १७४.५० पौंड झाली, आणि आकडा सरकारच ठरवतं. तरी उजवे बीबीसीला डावी म्हणतात, डावे उजवी. ट्रम्प यांच्या भाषणाची कापाकापी अंगाशी आली आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये महासंचालकांनी राजीनामा जाहीर केला. फी भरून आरोप थांबत नाहीत, वरळीकर. पण ती नामुष्की बीबीसीच्याच बातम्यांत दिवसभर चालली होती. हे आपल्याकडे कधी बघितलंय?

सात पाच
सगळे टीव्हीवरच घसरलात. आमच्या घरात अजून सकाळी ७:०५ ला पुण्याच्या प्रादेशिक बातम्या लागतात. २०२३ मध्ये पुण्याचा वृत्तविभाग बंद करून काम छत्रपती संभाजीनगरला न्यायचा हुकूम निघाला होता. ओरड झाली, सत्ताधारी पक्षातूनही, तेव्हा थांबला. पुणेकर काय ऐकतात ते दिल्लीने ठरवायचं, ही खरी गोम आहे. फी लावा, पण मग प्रसार भारतीच्या मंडळावर नेमणुका कोण करणार तेही सांगा.

खवचट खंडू
सात पाचला दहा रुपये देतो. नऊच्या चर्चेला छदामही नाही. तसं वेगळं बिल निघेल का?