छोट्या कंपन्यांवर मराठीत अभ्यास-टिपण लिहायचंय, कसं लिहावं?

वाळूज_सेकंड_शिफ्ट:
नमस्कार मंडळी. वाळूजला एका ऑटो कंपनीत क्वालिटीत आहे. एकदम छोट्या लिस्टेड कंपन्यांचे वार्षिक अहवाल वाचायचा नाद आहे, वहीत टिपणं काढतो. मित्रांच्या ग्रुपवर दोन-चार टाकली तर म्हणतात अजून टाक. आता नीट लिहून सगळ्यांसमोर ठेवावं म्हणतोय. मराठीत या विषयावर मिळतं ते बहुतेक 'उद्याचा मल्टिबॅगर' (कित्येक पट वाढणारा शेअर) छापाचं. टिपणात काय घ्यावं, काय नको? अन् सेबीचं काही लफडं तर होत नाही ना?

लोखंडी_जालना:
स्टीलवर लिहिणार असाल तर विजेपासून सुरू करा. इंडक्शन फर्नेसवाल्याचं (विजेच्या भट्टीत लोखंड वितळवणाऱ्याचं) उत्पादन वाढलं आणि वीजखर्च जागच्या जागी, तर का ते विचारायचं. कधी उत्तर सरळ असतं: स्वतःचं सोलर बसवलं. ते संचालकांच्या अहवालात ऊर्जा बचतीच्या परिशिष्टात सापडतं. तिथंही काही नसेल तर तोच तुमच्या टिपणाचा पहिला परिच्छेद.

सीए_लातूर:
आधी सेबीचं. पैसे घेऊन शेअरवर संशोधन किंवा शिफारस द्यायची तर 2014 च्या रिसर्च अ‍ॅनालिस्ट नियमांखाली नोंदणी लागते. त्यासाठी एनआयएसएम या सेबीच्या संस्थेची पंधराव्या मालिकेची परीक्षा आहे. तुम्ही फुकट लिहिताय, तरी टार्गेट, स्टॉपलॉस (तोटा थांबवायला विकायचा भाव), 'घ्या-विका' या भानगडीत पडू नका. स्वतः घेऊन ठेवायचं, लोकांना चढवायचं आणि वर विकायचं, याला फुकट-विकत असा भेद नाही. फसवणुकीचे नियम सगळ्यांना लागतात.

पण तुमच्या बाबतीत मला खरी भीती वेगळीच वाटते. तुम्ही क्वालिटीत आहात. कोणत्या व्हेंडरचा माल रिजेक्ट होतोय, कुणाचं शेड्यूल (मागवलेला माल) वाढलं, हे बाजाराच्या आधी तुमच्या टेबलावर येतं. 2015 च्या इनसायडर ट्रेडिंग नियमांत फक्त कंपनीचे संचालक येत नाहीत. भावावर परिणाम करणारी अप्रकाशित माहिती ज्याच्या हातात, तो इनसायडर. आणि ती दुसऱ्याला सांगणंही त्यातच आलं. वाळूजमध्ये तर निम्म्या घरांत कुणी ना कुणी कुठल्या तरी कंपनीत. तेव्हा तुमच्या कंपनीला माल देणाऱ्या लिस्टेड व्हेंडरवर लिहूच नका. टपरीवरचं 'आमच्याकडं मोठी ऑर्डर आली' हेही टिपणात नको.

वाळूज_सेकंड_शिफ्ट:
सर, हे डोक्यातच नव्हतं. मग ऑटोवाले सोडूनच द्यावेत का? मला कळतं ते तेवढंच.

सीए_लातूर:
सोडू नका. ज्यांच्याशी तुमच्या कंपनीचा व्यवहार नाही ते घ्या. प्रेस शॉप (पत्रा दाबून पार्ट काढायचा विभाग) कसं चालतं, टूलिंगचे पैसे कोण देतं, गाडीचं मॉडेल बंद झालं की डायचं (साच्याचं) काय होतं, हे ज्ञान तुमचं आहे आणि मराठीत कुणी लिहीत नाही.

बाकी कागदातून काढा. एका ग्राहकाकडून 10 टक्के किंवा जास्त उत्पन्न येत असेल तर इंड एएस 108 या हिशेबाच्या मानकाप्रमाणे ते सांगावं लागतं, ग्राहकाचं नाव नसलं तरी. एसएमई मंचावरच्या (शेअर बाजाराच्या छोट्या कंपन्यांसाठीच्या वेगळ्या विभागातल्या) कंपन्यांना इंड एएसची सक्ती नाही, म्हणून हा आकडा तिथं बहुधा सापडत नाही. त्यांचे निकालही सहामाही.

दुसरं, ऑडिटरचं कॅरोचं (ऑडिटरनं काय काय सांगायचं याच्या सरकारी आदेशाचं) परिशिष्ट. चालू मालमत्तेच्या तारणावर 5 कोटींपेक्षा जास्त खेळतं भांडवल मंजूर असेल तर बँकेला दिलेली तिमाही पत्रकं वह्यांशी जुळतात का, हे तिथं लिहावं लागतं. आडतीवर सोयाबीनचा भाव ओलावा मोजल्याशिवाय लागत नाही ना, तसं हे पान बघितल्याशिवाय नफ्यावर बोलू नये. बँकेला दाखवलेला माल जास्त आणि वहीत कमी, एवढी एक ओळ पूर्ण टिपणाला पुरते.

परभणी_निवृत्त_बाई:
मी वाचक म्हणून सांगते. तुमच्याकडं तो शेअर आहे की नाही, हे अगदी वर लिहा, तळाला बारीक अक्षरात नको. आणि रोज किती शेअरचा व्यवहार होतो तेही सांगा. लोअर सर्किट (दिवसात भाव पडायची मर्यादा) लागलं की विकायला घेणारा नसतो, हे लिहिणारे सांगत नाहीत. मागच्या टिपणात जे म्हटलं होतं त्याचं पुढं काय झालं, तेही निकाल लागल्यावर लिहीत जा. माझ्या मते अंदाज चुकीचा का ठरू शकतो हा भाग सगळ्यात मोठा हवा. इथं मात्र सीए साहेबांना कॅरो जास्त आवडतं असं दिसतंय!

लोखंडी_जालना:
बाईंचं बरोबर आहे. अजून एक: क्रिसिल, इक्रा, केअर या एजन्सींचे कर्जाच्या रेटिंगचे कागद बघत जा. 'कंपनी सहकार्य करत नाही' असा शेरा असला तर कंपनीनं एजन्सीला माहिती देणं बंद केलंय. का बंद केलं ते शोधा.

वाळूज_सेकंड_शिफ्ट:
हे कागद विकत घ्यावे लागतात का?

लोखंडी_जालना:
नाही. एजन्सीच्या साइटवर कंपनीचं नाव टाका, फुकट उघडतात. जुनेही बघा, धंदा कसा चालतो हे त्यात कधी कधी वार्षिक अहवालापेक्षा स्वच्छ लिहिलेलं असतं.