आधी नोंदणी की आधी बाजारभाव? छोट्या स्टार्टअपमध्ये डिझायनरने निर्णय कसा घ्यावा?

प्रश्न

पुण्यातील एका स्टार्टअपमध्ये मी एकटीच प्रॉडक्ट डिझायनर आहे. लासलगाव, पिंपळगाव बसवंत अशा बाजार समित्यांमधील कांद्याचे रोजचे दर शेतकऱ्यांना दाखवणारे अ‍ॅप आम्ही तयार करत आहोत. दर दाखवण्यापूर्वीच मोबाइल क्रमांक आणि ओटीपी घ्यावा असे संस्थापकांचे मत आहे, कारण नोंदणीचा आकडा त्यांना गुंतवणूकदारांपुढे ठेवायचा आहे. आधी दर दिसावेत, असे मला वाटते. ए-बी चाचणी घेऊन, म्हणजे निम्म्या लोकांना एक आणि निम्म्यांना दुसरी मांडणी दाखवून, वाद मिटवावा, असे अभियंते म्हणतात. पण रोज जेमतेम साठ-सत्तर नवे लोक अ‍ॅप उघडतात. निर्णय कशाच्या आधारे घ्यावा?

प्रतिसाद १

हा निर्णय चुकला तर मागे घेणे किती महाग पडेल, हे आधी पाहावे. अ‍ॅमेझॉनचे जेफ बेझोस यांनी भागधारकांना लिहिलेल्या २०१५ सालच्या पत्रात हाच भेद केला आहे: काही दारांतून परत येता येते, काहींतून नाही. ओटीपीचा पडदा पुढे-मागे करणे पहिल्या प्रकारात मोडते. त्यावर आठवडाभर बैठका घेऊ नयेत. मात्र मोबाइल क्रमांक हीच खात्याची ओळख मानणे, हा तुमच्या वादात कोणी न उच्चारलेला निर्णय दुसऱ्या प्रकारच्या फार जवळचा आहे. घरातील एकच फोन वडील आणि मुलगा दोघेही वापरतात, सिमकार्ड बदलते, जुना क्रमांक काही काळाने दुसऱ्याच कोणाला मिळतो. पुढे त्याच खात्यात विक्रीच्या पावत्या साठवू लागलात, तर हजारो खाती नव्याने जुळवणे अतिशय अवघड होईल. तुमचा वेळ खरे तर या प्रश्नाला द्यायला हवा.

प्रतिसाद २

ए-बी चाचणीबद्दल एक हिशेब मांडतो. शंभरांतील वीसऐवजी पंचवीस जण नोंदणी करतात, एवढा फरक नेहमीच्या सांख्यिकी निकषांवर पकडायचा असेल, तर प्रत्येक गटात साधारण १,१०० लोक लागतात. तुमच्या गतीने याला महिन्याहून अधिक काळ लागेल. गूगलने अशाच चाचणीत निळ्या रंगाच्या ४१ छटा तपासल्या, कारण त्यांच्याकडे तेवढी वर्दळ होती.

त्यापेक्षा लिलावाच्या दिवशी बाजार समितीत जाऊन पाच शेतकऱ्यांच्या हाती अ‍ॅप द्यावे आणि आपण गप्प राहावे. पाच जणांच्या चाचणीत वापरातील बहुतेक अडचणी दिसतात, असे वापरसुलभतेचे अभ्यासक जेकब नील्सन यांनी २००० साली मांडले होते. पण किती टक्के लोक नोंदणी करतील, हे पाच जणांवरून ठरवता येत नाही, ही मर्यादा ध्यानात ठेवावी. अडचणी मात्र नक्की कळतील: भरउन्हात पडद्यावरची फिकट अक्षरे वाचता येतात का, आणि भाव क्विंटलमध्ये बोलला जात असताना तुम्ही तो किलोत दाखवता आहात का.

प्रतिसाद ३

वरील दोन्ही मते मला पटतात, तरी संस्थापकांची बाजूही समजून घ्यावी. पैसे संपले तर उत्तम पडदाही उपयोगाचा नाही. मात्र एकदा क्रमांक देऊन पुन्हा न फिरकलेल्या माणसापेक्षा पुढच्या लिलावालाही दर पाहायला आलेला शेतकरी गुंतवणूकदाराला अधिक काही सांगतो, हे त्यांच्यापुढे स्पष्टपणे मांडावे. आधी दर दाखवावेत आणि ‘उद्याचा भाव कळवू का?’ असे विचारताना क्रमांक मागावा. तिथे तो देण्याला कारण असते. अंतिम निर्णय कोणाचा, आणि पंधरा दिवसांनी कोणता आकडा दिसल्यास तो फिरवायचा, हे सुरुवातीलाच लिहून ठेवावे.