स्कोर ४, धमनी बंद: गुठळी ओढायची की थांबायचं?

एम_वन: इथल्याच एका धाग्यावर सल्ला वाचला: "एनआयएचएसएस ५ पर्यंत असेल तर कॅथलॅब उघडू नका, नुसतं लक्ष ठेवा." (एनआयएचएसएस म्हणजे स्ट्रोक किती गंभीर ते सांगणारा स्कोर; कॅथलॅब म्हणजे धमनीत तार-नळी घालून गुठळी काढायची खोली.) राहवलं नाही म्हणून लिहितोय. बोलणं जवळपास गेलं की २ गुण, एका बाजूचं दिसणं पूर्ण गेलं की आणखी २. झाले ४. ना धड बोलता येतं ना वाचता, आणि हा स्ट्रोक म्हणे सौम्य! एम१ (मेंदूच्या मधल्या धमनीचा सुरुवातीचा मुख्य भाग) बंद असून स्कोर कमी दिसतो, कारण आडवाटेच्या बारीक रक्तवाहिन्या अजून तग धरून आहेत. त्या दमल्या की स्कोर १५ वर जायला वेळ लागत नाही.

पुरावा_आधी: तो सल्ला माझाच, आणि मी त्यावर ठाम आहे. २०१५ च्या ज्या चाचण्यांवर थ्रोम्बेक्टॉमी (तार घालून गुठळी ओढून काढणं) उभी आहे, त्यांत सौम्य रुग्ण नावापुरतेच होते. तार गुठळीपलीकडे जाते तेव्हा पुढची धमनी चित्रात दिसतच नाही. एम२ ची, म्हणजे एम१ च्या पुढच्या फांदीची, भिंत पातळ. तार बारीक फांदीत शिरली की मेंदूभोवती रक्त. स्टेंट रिट्रीव्हर (गुठळी पकडणारी जाळी) मागे ओढताना गुठळीचा तुकडा सुटून चांगल्या फांदीत अडकतो तो वेगळाच. सौम्य स्ट्रोकवरची टेम्पो-२ चाचणी (२०२४) आठवा: टेनेक्टेप्लेज या गुठळी विरघळवणाऱ्या औषधाने धमन्या जास्त उघडल्या, तरी रुग्णांचा फायदा झाला नाही, उलट मृत्यू वाढले.

एम_वन: ती औषधाची चाचणी होती! तिचा निकाल कॅथेटरच्या माथी मारू नका.

रात्रपाळी: तुमचं चालू द्या, पण "लक्ष ठेवा" म्हणजे नेमकं काय ते कुणीच लिहीत नाही. प्रेशर १९० दिसलं की घाईने गोळी दिली जाते, तासाभरात १२० होतं, आडवाटेने येणारं रक्त कमी पडतं आणि उचललेला हात गादीवर पडतो. लायसिस (गुठळी विरघळवणारं इंजेक्शन) दिलं नसेल तर २२०/१२० पर्यंत हात लावू नका. द्यायचं असेल तर आधी १८५/११० च्या खाली आणा, दिल्यावर २४ तास १८०/१०५ च्या आत ठेवा. उशी काढा, बेडपॅन द्या, बाथरूमला चालवत नेऊ नका.

भूल_विभाग: प्रेशर कॅथलॅबमध्येही तसंच कोसळतं. प्रोपोफॉलचा (भुलेच्या औषधाचा) डोस गेला आणि सिस्टॉलिक (वरचं प्रेशर) १०० झालं, की गुठळी निघायच्या आधीच नुकसान. प्रेशर वाढवणारं नॉरअ‍ॅड्रेनलिन आधी जोडा, भूल मग द्या. सिस्टॉलिक १४० च्या खाली नको.

एम_वन: मग पूर्ण भूल हवीच कशाला? तार घालतात तिथे मांडीत लोकल भूल देऊन भागतं.

भूल_विभाग: ज्याला भाषाच कळत नाही त्याला "हलू नका" सांगून काय होणार? तार आत असताना मान वळली तर भिंत फाटते. जागं ठेवायचं तर डोकं नीट बांधा, आणि भुलेची तयारी टेबलाशेजारी हवी.

पुरावा_आधी: बघा, हे सगळे धोके ४ गुणांच्या माणसावर लादायचे!

रात्रपाळी: आणि बिघडल्यावर? कॅथलॅब त्याच इमारतीत असेल तर थांबणं समजू शकतं. दुसऱ्या हॉस्पिटलला न्यायचं असेल तर हात पडायची वाट बघू नका, आधीच हलवा.

पुरावा_आधी: हलवायचं मान्य. एम१ किंवा कॅरोटिड (मानेतून मेंदूकडे जाणारी मोठी धमनी) बंद, आणि बोलणं किंवा नजर गेली असेल, तर ४ गुणांवरही काढा, एवढं सोडतो. पण एम२, स्कोर २, नुसता चेहरा वाकडा आणि जीभ जड? तिथे मी तार घालणार नाही.